वाकडीतला करपा

मी रोग वाढवते. हे घरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. तिचे हात थांबले. "कोनाला?" तिने विचारलं. भाताला, असं म्हटल्यावर तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. माणसांना नाही म्हटल्यावर तिला बाकीचं काही विचारायचं नव्हतं.

शिरवण्याच्या मागे, तुर्भ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात आमची प्रयोगशाळा आहे. एका बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवतात, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या बॉड्या रंगवतात, आणि मधल्या दुमजली इमारतीत आम्ही पिकांवरच्या बुरशी काचेच्या बश्यांत वाढवतो. बियाणे विकणारे लोक भाताच्या नव्या जाती काढतात आणि त्या रोगाला टिकतात की नाही ते तपासायला आमच्याकडे पाठवतात. तपासायचं तर रोग हाताशी पाहिजे. शेतातला रोग नको तेव्हा येतो आणि पाहुणे बघायला आले की गायब असतो, म्हणून आमच्यासारखे लोक पगारावर ठेवतात. बुरशी नुसती वाढून भागत नाही. तिने बीजाणू धरावे लागतात. बीजाणू म्हणजे बुरशीचं बी. ते पाण्यात मिसळून रोपांवर फवारायचं आणि आठवडाभर रोपांकडे वाईट नजरेने बघत बसायचं, हे माझं काम.

नातेवाइकांत आई सांगते, "पोरगी औषध कंपनीत हाय." मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आत्याला मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा तिने उचललेला लाडू परत बशीत ठेवला. ते स्थळ पुढे गेलं नाही. घरात पापडाच्या डब्याला बुरशी लागली की सगळे माझ्याकडे बघतात.

बाबांची गोष्ट वेगळी. उरणजवळच्या आमच्या गावात त्यांनी आयुष्यभर भात पिकवला, आणि त्यातलं अर्धं आयुष्य करप्याशी भांडण्यात घालवलं. करपा म्हणजे भाताच्या पानांवर पडणारे ठिपके. गणपतीच्या आसपास येतो, पान जळाल्यासारखं करतो, आणि फारच रंगात आला तर लोंबीची मान मोडून टाकतो. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा घ्यावं लागत नसे. बाबा शेतावरून आले की आई विचारायची, "आला क?" आणि ते पाय धुता धुता म्हणायचे, "आला." त्याच करप्याची मी पुढे पदवी घेतली आणि त्यालाच वाढवायची नोकरी धरली. बाबांनी ऐकून घेतलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

आमच्या गावात प्रत्येक शेताला नाव होतं. आमच्या मोठ्या शेताचं नाव वाकडी, कारण तिचा बांध खाडीच्या नाळीला, म्हणजे आत शिरलेल्या पाण्याच्या चिंचोळ्या फाट्याला, वळसा घालून गेला होता. सातबाऱ्यावर तिला आकडा होता, पण आकड्याने तिला कोणी हाक मारली नाही. वाकडीतलं शेवटचं पीक उभं होतं तेव्हा मी एम.एस्सी. करत होते. जमीन जाणार हे गावाला माहीत होतं. मला प्रकल्पासाठी करपा हवा होता आणि वाकडीत त्या वर्षी तो भरपूर होता. मी बाबांना विचारलं, थोडी पानं नेऊ का. "सगला ने," ते म्हणाले. मी तीन पानं वर्तमानपत्रात गुंडाळून नेली. तिसऱ्या पानावरच्या ठिपक्यातून जी बुरशी निघाली तिला मी नाव दिलं उ-३. उ म्हणजे उरण. विद्यार्थिदशेत माणसाची कल्पनाशक्ती एवढीच धावते.

पुढच्या वर्षी वाकडीवर भराव पडला आणि त्यावर कंटेनर आले, एकावर एक चार-चार रचलेले. नाळ कुठे होती तेही आता सांगता येत नाही. मला नोकरी लागली तेव्हा नवरीबरोबर पाठराखीण जावी तशी उ-३ माझ्याबरोबर आली. बाबांनी वाकडीतलं मूठभर बियाणं ठेवलं होतं. मासळीच्या थर्माकोलच्या दोन खोक्यांत माती भरून ते दर वर्षी गच्चीवर भात लावतात आणि निघालेलं बी डब्यात कडुनिंबाच्या पाल्यात ठेवतात. खायला ते पुरत नाही. ते खाण्यासाठी नाहीच. अशी आमच्या घरात वाकडीची वाटणी झाली: भात बाबांकडे, रोग माझ्याकडे. जिवंत असं तिचं आणखी काही उरलेलं नव्हतं.

पाच वर्षं मी उ-३ला सांभाळलं. बुरशी एका बशीत फार दिवस ठेवता येत नाही, खाणं संपतं. दर काही आठवड्यांनी तिचा नखाएवढा तुकडा कापून नव्या बशीत लावायचा. माझ्या बश्या सगळ्यांत देखण्या असत. उ-३ पांढरीशुभ्र, मऊ, कापसासारखी फुगलेली वाढायची. बाहेरचे लोक आले की मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, त्यांना आधी माझ्या कप्प्याकडे आणत. पाहुणे फोटो काढत. मी बाजूला उभी राहून नम्र दिसायचा प्रयत्न करी.

मग एका उन्हाळ्यात शनिवार-रविवारच्या सुट्टीत डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर गेला. सोमवारी सकाळी आम्ही दार उघडलं तेव्हा आत आंघोळीचं पाणी होतं. उ-३च्या गोठवून ठेवलेल्या मूळ नळ्या त्यातच होत्या. इतर बुरशींचे नमुने दुसरीकडेही ठेवलेले होते. उ-३ कोणाच्या कामाची नव्हती, म्हणून तिचे नव्हते. राहिल्या त्या माझ्या बश्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात उरण-पनवेल पट्ट्यातल्या जुन्या करप्याची एका तपासणीसाठी मागणी आली. मॅडमनी उ-३चं नाव दिलं. मी बीजाणू काढायला बसले, आणि बीजाणू नव्हते. मायक्रोस्कोपखाली नुसते धागे. लांब, स्वच्छ, निरोगी धागे. एकालाही पोरबाळ नाही.

मी सगळे उपाय केले. ओट्सचं जेवण दिलं. उकडलेल्या ज्वारीच्या दाण्यांवर लावलं. दिव्याखाली ठेवलं, बारा तास उजेड, बारा तास अंधार. पात्याने वरचा कापूस खरवडून काढला, कारण बुरशीला जखम झाली की ती घाबरून बी धरते. पाणी तोडलं, उपाशी ठेवलं. प्रयोगशाळेतल्या भाताच्या रोपांवर तिचे तुकडे लावून बघितले. रोपांवर टाचणीच्या टोकाएवढे डाग आले आणि तिथेच थांबले. आमच्या आधीच्या सरांची पद्धत होती, बशीला चार शिव्या द्यायच्या. तीही करून झाली.

मॅडमनी माझ्या बश्या एकेक करून उजेडात धरल्या. त्या वाईट बाई नाहीत. फक्त त्यांना वाक्य पूर्ण करायला आवडतं.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "दिसायला छान आहे. पण स्पोर्स देत नाही ते कल्चर म्हणजे शोपीस. महिनाअखेरपर्यंत बघ. नाही झालं तर कर्जतचा नमुना वापरू आणि हिला ऑटोक्लेव्हला टाक."

ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर. त्यात गेलेलं काहीही जिवंत बाहेर येत नाही, त्याचा शोध त्यासाठीच लागला आहे.

मी म्हणाले, "मॅडम, दुसरा नमुना आणता येणार नाही. ते शेत नाहीये आता."

"म्हणूनच तुला महिना दिला," त्या म्हणाल्या. "नाहीतर आजच म्हटलं असतं."

मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. बुरशीसाठी रडणं हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बाहेर येऊन सांगितलं की डोळ्यात स्पिरिट गेलं.

त्या रविवारी मी गावी गेले. बाबा गच्चीवर होते. दोन्ही खोक्यांत रोपं वीतभर आली होती, हिरवीगार, आणि बाबा त्यातलं तण उपटत होते. चार फुटांच्या शेतात जेवढं तण मिळेल तेवढं. मी कठड्यावर बसून सगळं सांगितलं. नोकरीतली गोष्ट बाबांना सांगायची ही पहिलीच वेळ. मी मोबाइलवर बशीचा फोटो दाखवला.

बाबांनी फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"यो येवढा गोरा कनाला हाय?"

"अशीच वाढते, बाबा."

"करपा कवा गोरा बगलास तू? पानावरचा ठिपका कसा असतो?"

"करडा," मी म्हणाले.

"मंग?" त्यांनी फोन परत दिला. "दर खेपेला नवीन बशीत लावतंस ना? मंग बियान्याला काय निवडतंस?"

मी म्हणाले, "जे सगळ्यांत देखणं असेल ते. पांढरं, फुगलेलं, स्वच्छ. तूच शिकवलंस की."

खरंच त्यांनीच शिकवलं होतं. कापणीच्या आदल्या दिवशी आई-बाबा वाकडीत उतरायचे आणि मला पाठीमागे टोपली घेऊन चालायला लावायचे. भरलेली, निरोगी, देखणी लोंबी तेवढी बियाण्यासाठी खुडायची. डागाळलेलं, करडं, अर्धवट काही घ्यायचं नाही. बी निवडताना हात आखडायचा नाही, हे आमच्या घरातलं एकमेव तत्त्वज्ञान. मी पाच वर्षं ते इमानेइतबारे पाळलं होतं. बशीत कुठे करडा, मळकट भाग दिसला की तो टाळायचा आणि पांढऱ्याशुभ्र कडेचा तुकडा उचलायचा. करडेपणा बीजाणूंचा असतो हे पुस्तकात मी दहा वेळा वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हात घरचा होता.

बाबा हळूहळू हसायला लागले. त्यांना हसताना आवाज येत नाही, फक्त पोट हलतं.

"भाताचा बी देखना घ्यायचा, बाय. तू रोगाचा बी पन देखना घेतलास?"

पांढरा भाग म्हणजे बी न धरणारा भाग. मी दर वेळी तोच निवडला आणि वाकडीतला करपा माझ्या हातांनी वांझ करून ठेवला. मला इतकी लाज वाटली की मी तण उपटायला बसले.

आता एकच मार्ग राहिला होता आणि तो मला माहीत होता. बुरशी बिघडली की तिला परत मूळ पिकावरून फिरवून आणायची. तिच्या सवयीच्या भातावर रोग पाडायचा आणि त्या ठिपक्यातून तिला नव्याने काढायचं. तिच्या सवयीचा भात समोर खोक्यात डुलत होता. मी बाबांना म्हटलं, एक खोकं दे.

"नाय," बाबा म्हणाले.

मी हातातलं तण बाजूला टाकलं.

"तीस वर्सं माज्या ताटातला खाल्लान त्यानं. आता मी त्याला आपून होऊन वाढू? गच्चीवर दोन खोके हायत माजे. त्यातला येक त्याला?"

"नाही दिलास तर महिनाअखेरीला कुकरात जाईल ती."

"बरा होयेल."

आम्ही जेवायला बसलो. आईने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि दोघांना सारखीच आमटी वाढली. हात धुताना बाबांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "परत नाय येनार? येकदम जायेल?"

"एकदम," मी म्हटलं. "वाकडी भरल्यापासून तो दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही."

सकाळी मी निघाले तेव्हा बाबा गच्चीवर होते. उजवीकडच्या खोक्यात ते युरिया टाकत होते, मूठ भरून, आणि तेवढ्या मातीला तो फारच होता. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात जास्त युरिया बघून कपाळावर हात मारला, तो स्वतःच्या हाताने टाकत होता. युरिया जास्त झाला की भात काळपट हिरवा, लुसलुशीत होतो आणि करप्याला आमंत्रण जातं.

"शनवारी आनतो," ते म्हणाले. "तवर मऊ होयेल."

शनिवारी ते उरणच्या गाडीने नेरूळला आणि तिथून रिक्षाने आले. थर्माकोलचं खोकं मांडीवर, त्यावर आईची जुनी साडी. गेटवरच्या वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. त्यात चार रकाने आहेत: नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचं, काम काय. बाबांनी पहिले तीन व्यवस्थित भरले. चौथ्यात लिहिलं, "करपा लावणे." वॉचमनने ते दोनदा वाचलं आणि मला इंटरकॉमवर विचारलं, "मॅडम, ये काका बोलतायत करपा लावायचाय. सोडू का?"

मॅडमना बाबांनी नमस्कार केला आणि लगेच आमच्या वाढ-कक्षाची पाहणी केली. तो कक्ष म्हणजे काचेची मोठी कपाटवजा खोली, तिच्यात हवा, उजेड, ओलावा सगळं बटणावर. मॅडमना तिचा अभिमान आहे. बाबांनी आत हात घातला.

"रातीला किती ठेवतंव?"

"अठ्ठावीस डिग्री," मॅडम म्हणाल्या. "कॉन्स्टंट."

"यात करपा नाय येनार. यात आमी पन सुखात राहू." बाबांनी हात बाहेर काढला. "दिवसा ढग पायजे. रातीला दव. पहाटे गारवा, अंगावर गोधडी घ्यावी असा. मंग तो येतो."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी रात्रीचं तापमान एकवीसवर आणलं आणि दिवसाचे निम्मे दिवे बंद केले. पुस्तकात तेच लिहिलं आहे, पण आमच्या कक्षात इतर रोपं सुखात राहत होती म्हणून कोणी बटणाला हात लावला नव्हता. बाबांनी खोक्यातलं वरचं पाणी काढून टाकलं आणि माती उघडी पडू दिली. मुळांशी पाणी कमी आणि पानांवर जास्त, अशी उलटी तऱ्हा करप्याला फार आवडते, हे त्यांनी मॅडमना समजावून सांगितलं. एखाद्या वाया गेलेल्या भावाच्या आवडीनिवडी सांगाव्या तसं ते सांगत होते.

बीजाणू नव्हतेच, म्हणून मी पांढरी बुरशी पाण्यात घुसळून बाटलीत भरली आणि रोपांवर मारायला लागले. बाबा मागे उभे होते. तीस वर्षं त्यांनी पाठीवर पंप घेऊन याच्या विरोधात फवारणी केली होती. माझ्या दोन फवाऱ्यांनंतर त्यांना राहवेना.

"तसा नाय. पानाच्या खालून मार. वरून मारलास तर घरंगलतो." त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि वाकून, एकेक पान उचलून, अगदी नेटकी फवारणी केली. त्यांच्या हाताला सवय होती. मग बाटली टेबलावर ठेवून त्यांनी हात धुतले, दोनदा, आणि चहा न घेता निघून गेले.

पाच दिवस काही झालं नाही. सहाव्या दिवशी सकाळी वरून तिसऱ्या पानावर ठिपका होता. दोन्ही टोकांना निमुळता, मधे करडा, कडेला तपकिरी, अर्धवट उघडलेल्या डोळ्यासारखा. शेजारच्या पानावर आणखी दोन. मी खाली बसले. मला इतका आनंद झाला की तो एखाद्या रोगाबद्दल व्हायला नको होता. फोटो काढून बाबांना पाठवला. निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तासाभराने आलं, आणि तेही फोन करून.

"कुठला पान? वरून तिसरा?"

"हो."

"तिथंच यायचा पैला," बाबा म्हणाले. पाठीमागे कावळा ओरडत होता, म्हणजे ते गच्चीवर होते. "वाकडीत नालीच्या कडेला पैला यायचा. मंग मधे." मग त्यांनी फोन ठेवला. मला एकाएकी वाईट वाटलं. त्या फोटोत मी रोग बघत होते आणि ते शेत.

ठिपक्याचा तुकडा ओल्या कागदावर ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर बारीक करडी धूळ होती. बीजाणू. मी एक उचलला, बशीत लावला, आणि ती बशी आठवडाभरात करडी, मळकट, ओबडधोबड झाली. इतकी कुरूप बशी माझ्या कप्प्यात कधीच नव्हती. मी तिच्यातला सगळ्यांत कुरूप तुकडा निवडून पुढे लावला. महिना संपायला दोन दिवस होते.

मॅडमनी मोजणीच्या काचेवर थेंब टाकून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"झालं काय होतं नेमकं?"

मी सांगितलं. पाच वर्षं देखणं तेवढं निवडलं.

"म्हणजे तू ब्युटी कॉन्टेस्ट चालवलीस," त्या म्हणाल्या. मग काच पुसत म्हणाल्या, "आणि पाहुण्यांना मीच दाखवत होते." चुका नोंदवायच्या वहीत त्यांनी 'कारण' या शब्दापुढे 'निवड चुकली' एवढंच लिहिलं आणि कोणाची ते लिहिलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

बाबांना मॅडमनीच बोलावलं. त्यांना पांढरा कोट घातला, तो त्यांना पोटावर बसेना. आधी त्यांनी खोक्याचं विचारलं. मी सांगितलं की रोपं कुकरात टाकली, नियम आहे, रोगट काही बाहेर जाऊ देत नाहीत.

"सगला?"

"सगळं."

"बरोबर हाय. आमी पन जालायचो," ते म्हणाले. खोकं मात्र स्पिरिटने धुऊन ठेवलं होतं. ते बघून त्यांना बरं वाटलं. आता त्यात आईने अळू लावलं आहे.

मग मी त्यांना मायक्रोस्कोपजवळ बसवलं. बाबांनी एक डोळा मिटला. त्यांना आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या, मग काहीच नाही, मग ते एकदम स्थिर झाले. करप्याचा बीजाणू नासपतीच्या आकाराचा असतो, आत दोन आडव्या भिंती.

"तीन खोल्या हायत त्याला," बाबा म्हणाले.

"हो."

"हलत नाय."

"नाही. वाऱ्याने जातो."

"ता म्हाईत हाय मना." ते बघत राहिले. ट्रक रंगवणाऱ्यांचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि बंद पडला. "येवढासा," ते म्हणाले. "मना वाटायचा, मोठा असंल कोन."

नव्याने काढलेल्या नमुन्याची नव्याने नोंद करावी लागते. मॅडम फॉर्म भरत होत्या. 'शेत' या शब्दापुढे त्या थांबल्या. जुन्या नोंदीत मी तिथे रेघ मारली होती.

"काका, शेताचं काही नाव होतं?"

"वाकडी," बाबा म्हणाले. पाठ वळवूनच, डोळा अजून मायक्रोस्कोपला.

मॅडमनी लिहिलं. मग उ-३ खोडून नमुन्याच्या नावाच्या जागीही त्यांनी तेच लिहिलं, वाकडी-१. सहा नळ्या भरल्या. तीन आमच्या नव्या फ्रीझरमध्ये गेल्या, तीन खालच्या मजल्यावरच्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये, म्हणजे आता एक बंद पडला तरी चालेल. बाबांनी विचारलं, किती वर्षं टिकेल. वीस-पंचवीस तरी, मी म्हटलं. त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला आणि मान हलवली. जाताना त्यांनी फ्रीझरचं दार नीट लागलं आहे का ते दाबून बघितलं.

तपासणी झाली. वाकडी-१ने आलेल्या आठ जातींपैकी पाच आडव्या केल्या. अहवाल गेला, लोक खूश झाले. मी बाबांना फोन करून सांगितलं, आणि ते म्हणाले, "करील की. तो कवा ऐकायचा?" त्यांच्या आवाजात जे होतं त्याला अभिमान म्हणायचं धाडस मी त्या दिवशी केलं नाही. आज करते.

मग दिवाळी होऊन गेली. एका मंगळवारी दुपारी मी बश्या बदलत होते तेव्हा इंटरकॉम वाजला. गेटवर नवा वॉचमन होता.

"मॅडम, एक काका आलेत उरनवरून. हातात डबा हाय. काम काय ते लिवलं नाय, बोलतात काय काम नाय. पन कोनाला भेटायचं त्यात वाकडी लिवलंय. मी बोललो पूर्ण नाव लिवा, तर बोलतात हेच हाय." त्याने आवाज खाली आणला. "वाकडी मॅडम म्हणून कोनी हाय का आपल्याकडे?"

मी फ्रीझरकडे बघितलं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता.

"आहेत," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर असतात. सोड त्यांना."